नाश्ता करून आलेल्या गरोदर महिलेचा अहवाल ग्राह्य धरण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
कमलिनीबाई प्रसूतिगृह न्यास,
मुख्यालय, मालाड (पश्चिम), मुंबई.

अर्जदार : कु. सपना शिवदास वाहुळे, बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र), प्रयोगशाळा तंत्रज्ञ (कंत्राटी), न्यासाचे नाहूर प्रसूतिगृह.

विषय : एका गरोदर महिलेची संगणकावर बंद झालेली नोंद आजच उघडून तिला इंजेक्शन मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरचे आधीचे अर्ज.
२) त्यावर आलेले आपल्या कार्यालयाचे उत्तर : "योग्य ती कार्यवाही चालू आहे."
३) अर्जदारास मिळालेला खुलासा मागणारा मेमो.

महोदय,

हा अर्ज आपण दालनात मोठ्याने वाचू नये, ही पहिली विनंती. कारण शेवटी कळेल.

१. अर्जदाराने आधीचे अर्ज "मी" असे लिहून केले होते. ते "मजकूर वैयक्तिक स्वरूपाचा वाटतो" असा शेरा मारून परत आले. म्हणून या अर्जात अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणत आहे. मजकूर तोच आहे. संबंधित कुटुंबातील माणसांची नावे बदलली आहेत. महिलेला येथे अबोली, तिच्या सासूबाईंना वनमालाताई आणि नवऱ्याला यज्ञेश म्हटले आहे. खरी नावे नोंदणी क्रमांकावरून आपल्याला संगणकावर पाहता येतील, पण पाहू नयेत.

२. नाहूर प्रसूतिगृहात गरोदर महिलांची सिफिलिसची, म्हणजे उपदंशाची, तपासणी होते. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचे आणि थोडा वेळ थांबायचे. एक रेघ आली तर जंतूची खूण नाही. दोन आल्या तर आहे. बाईला स्वतःला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो. ती हिंडते-फिरते, कामावर जाते. जंतू मात्र वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. मग काही बाळे पोटातच जातात, काही जन्मून जातात, आणि काही जगतात ती हाडे, डोळे, कान यांचे दुखणे घेऊन. हे सगळे पेनिसिलिनच्या इंजेक्शनने टळते. ते वेळेवर, बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी, मिळायला हवे. वैद्यकशास्त्रात इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा सौदा क्वचितच असतो. कॉलेजात हा धडा वाचताना अर्जदाराला वाटले होते, हा प्रश्न कधीच सुटला असेल, परीक्षेसाठी म्हणून ठेवला असेल.

३. या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. पोटात थालीपीठ आहे की नाही याच्याशी त्या पट्टीचा काही संबंध नाही.

४. तरीही प्रसूतिगृहाच्या दाराशी, नोंदणीच्या खिडकीच्या वर, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत बोर्ड आहे : "रक्ततपासणीसाठी उपाशीपोटीच यावे." खाली देणगीदाराचे नाव त्याहून मोठ्या अक्षरांत आहे. चौकशी करता असे समजले की मूळ मजकूर "मधुमेहींनी साखरेच्या तपासणीसाठी" असा होता. पेंटरला देणगीदाराच्या नावाला जागा पुरेना, म्हणून त्याने वरची ओळ आखूड केली. तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे सगळ्यांच्या लक्षात आले, तोवर बोर्डाचे उद्घाटन झाले होते.

५. गरोदर बाईला उपाशी घराबाहेर पाठवणारी सासू अर्जदाराने अजून पाहिलेली नाही. आई तर नाहीच. म्हणजे व्हायचे असे की बायका खाऊन येत, बोर्ड वाचत आणि दारातूनच परत जात. "उद्या येऊ" म्हणत. उद्या पुन्हा खाऊन येत. कोणी त्यांना अडवले नाही, कोणी नकार दिला नाही, त्यामुळे नकारांच्या हिशेबात त्या कुठेच दिसत नाहीत. प्रयोगशाळेत बसलेल्या अर्जदाराला इतकेच दिसे की बाहेर पोटुशा बायकांची गर्दी आहे आणि आत पट्ट्यांचे खोके भरलेले आहे.

६. बोर्ड उतरवण्यासाठी पहिला अर्ज केला. भिंत बांधकाम विभागाची आणि मजकूर वैद्यकीय विभागाचा, असे उत्तर आले. दोन्हीकडे अर्ज केले. बोर्ड देणगीत आलेला असल्यामुळे देणगीदाराची संमती हवी, असे दोन्हीकडून कळवण्यात आले. देणगीदार वारले आहेत. त्यांचे चिरंजीव मुलुंडला राहतात, अर्जदार त्यांच्या घरी जाऊन आली. त्यांनी सरबत दिले आणि म्हणाले, "ताई, मजकूर काय वाटेल तो करा, पण बाबांच्या नावाला हात लावायचा नाही हां." तसे लिहून मागितले तेव्हा म्हणाले, "लिहून कशाला? मी काय पळून चाललोय का?" मधल्या काळात अर्जदाराने बोर्डावर एक कॅलेंडर टांगले. त्याबद्दल मेमो आला (संदर्भ ३), त्यात कॅलेंडर खाजगी बँकेचे असल्याचाही उल्लेख आहे.

७. बोर्ड नुसता बोर्ड असता तर अर्जदाराने प्रत्येकीच्या मागे धावून तिला आत आणले असते, आणि काही काळ आणलेही. पण प्रयोगशाळेत बाहेरचे रुग्णही येतात, त्यातल्या खाऊन आलेल्या एका आजोबांच्या साखरेच्या तपासणीवरून तक्रार झाली, आणि तेव्हापासून खिडकीवरील नोंदणी लिपिक श्री. नंदकुमार प्रत्येकाला विचारतात, "काही खाल्लंय का?" 'हो' म्हटले की संगणक त्या दिवसाच्या रक्ताच्या प्रत्येक अहवालावर आपोआप "उपाशीपोटी नाही : अग्राह्य" असे छापतो. कोणती तपासणी, हे तो पाहत नाही. अग्राह्य अहवालावर औषध भांडार औषध देत नाही. (वास्तविक गरोदर महिलांच्या साखरेच्या तपासणीलाही आपल्या देशातील सूचनांनुसार उपाशी राहण्याची अट नाही. हे अर्जदार माहितीसाठी नमूद करते. यावर आणखी एक अर्ज करण्याची ताकद सध्या नाही.)

८. आता अबोलीविषयी. वय सव्वीस, पहिलटकरीण, नोकरी एका विमा कार्यालयात. नवरा यज्ञेश, तोही नोकरदार. कुटुंब दोन पिढ्या मुलुंडला. वनमालाताईंची स्वतःची दोन्ही बाळंतपणे नाहूरलाच झाली, म्हणून सुनेचेही नाव इथेच घातले. सुनेला घेऊन त्या सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याचदा आल्या, आणि बोर्ड वाचून तितक्याच वेळा परत गेल्या. पाचव्या महिन्यात मात्र खिडकीपर्यंत आल्या. श्री. नंदकुमार यांनी ठरलेला प्रश्न विचारला. अबोली काही बोलायच्या आत वनमालाताई म्हणाल्या, "खाल्लंय तर! दोन थालीपीठं, वर लोणी. दोन जिवांची आहे ती, उपाशी आणू का?"

श्री. नंदकुमार म्हणाले, "काकू, बोर्ड वाचा ना."

"वाचला. तुमचा बोर्ड राहू दे उपाशी. माझी सून राहणार नाही."

अर्जदार बाहेर आली आणि अबोलीला आत घेऊन गेली. पट्टीवर दोन रेघा आल्या.

९. नियमाप्रमाणे हे अबोलीला एकटीला सांगण्यात आले. तिने पहिला प्रश्न विचारला, "बाळाला झालंय का?" दुसरा प्रश्न तिने विचारला नाही. अर्जदारानेही त्याचे उत्तर दिले नाही, कारण रोग कोणाकडून कोणाला आला हा प्रयोगशाळेचा विषय नाही. गरोदरपणात या पट्टीवरच उपचार सुरू करायचे असतात, पुढची खात्रीची तपासणी मागून करता येते. त्यामुळे इंजेक्शन त्याच दिवशी मिळायला हवे होते. अहवाल छापून आला, त्यावर "अग्राह्य".

१०. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणाऱ्या डॉ. उत्तरा काणेकर यांच्याकडे अर्जदार तो कागद घेऊन गेली आणि उपाशीपोटीचा मुद्दा समजावू लागली. त्या म्हणाल्या, "अगं, मला काय पटवतेस? मी हे परीक्षेत लिहून पास झालेय." त्यांनी औषध लिहून दिले. भांडाराने कागद परत केला. डॉक्टरांनी भांडाराला फोन केला. भांडारप्रमुख म्हणाले, "मॅडम, मला मान्य आहे हो, पण संगणक घेत नाही." येथे अर्जदार नम्रपणे नमूद करते की या संपूर्ण प्रकरणात अर्जदाराशी असहमत असलेली एकही व्यक्ती अर्जदाराला अद्याप भेटलेली नाही.

११. यज्ञेश यांना अर्जदाराने अबोलीच्या संमतीने फोन करून एकटे बोलावले आणि तपासणी करून घ्यायला सांगितले. ते म्हणाले, "आईला कळणार नाही ना?" ते घाटकोपरच्या एका दवाखान्यात गेले. तिथे असा बोर्ड नाही. वाटेत वडापाव खाल्लेला होता. त्यांचे रक्त घेतले, दोन रेघा आल्या, तिथेच इंजेक्शन दिले आणि पुढच्या तारखा दिल्या. म्हणजे एकाच घरातील दोघे, एकच जंतू, दोघांच्याही पोटात अन्न. एकाचा उपचार सुरू झाला. ज्याच्या पोटात बाळ नाही त्याचा. त्याच दवाखान्यात अबोलीलाही पाठवून पाहिले. "नाव जिथे घातलंय तिथेच जा, गरोदर बाईची जोखीम आम्ही घेत नाही," असे सांगण्यात आले. घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांनी पेनिसिलिनची रिॲक्शन येते म्हणून हात झटकले.

१२. दुसरी खेप. फेरतपासणीसाठी अबोलीने उपाशी यायचे ठरवले होते. वनमालाताईंना नुसते "रक्त पुन्हा द्यायचंय" एवढेच माहीत होते. त्या तिच्यासोबत निघाल्या आणि रिक्षात त्यांनी तिला साजूक तुपातला शिरा भरवला. चमचा घरून आणला होता. खिडकीवर अबोली "नाही" म्हणाली. त्याच क्षणी वनमालाताई म्हणाल्या, "नाही काय गं? आत्ताच खाल्लास की सगळा." अग्राह्य.

त्यानंतर श्री. नंदकुमार यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले, "सपना, तिला म्हणावं एकटी ये आणि बिनधास्त खोटं बोल. मी काय तिचं पोट उघडून बघणारे?" डॉ. उत्तरा यांनीही तेच सुचवले. अर्जदाराचा स्वभाव खोट्या नोंदीचा नाही. तरी अर्जदाराने अबोलीला तसा निरोप दिला, हे येथे कबूल करते.

१३. तिसरी खेप. अबोली खोटे बोलायला तयार होती, पण तिच्याने ते झाले नाही. सासूबाई देवळात गेल्याची संधी साधून ती खरोखरच काही न खाता आली. रांग लांब होती, पंखा बंद होता. खिडकीपाशी पोचायच्या आत ती खाली बसली आणि मग आडवी झाली. सगळ्यांच्या आधी श्री. नंदकुमार खिडकीमागून बाहेर धावले. त्यांनी तिला उचलून बाकावर ठेवले, वर्तमानपत्राने वारा घातला, आणि स्वतःचा डबा उघडून पोळीला गूळ लावून तिला घास घास भरवला. "खा गं बाळा, आधी खा, मरू दे तो संगणक," असे ते म्हणाल्याचे तिथल्या सगळ्यांनी ऐकले. ती उठून बसल्यावर त्यांनी हात धुतले, खिडकीमागे गेले आणि तिची नोंद घेतली. खाल्ले आहे काय : होय.

अर्जदाराने त्यांना विचारले, "काका, हे काय केलंत?"

ते म्हणाले, "अगं, मीच भरवलं ना. मग नाही कसं लिहू?" आणि ते रडकुंडीला आले. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची काहीही तक्रार नाही. त्यांना मेमो देऊ नये.

१४. तीन वेळा सूचना न पाळणाऱ्या रुग्णाची नोंद संगणक बंद करतो आणि ती मुख्यालयाच्या मंजुरीशिवाय उघडत नाही. हा नियम श्री. नंदकुमार यांनाही माहीत नव्हता. संगणकाचा पडदा लाल झाला तेव्हा कळला. त्यामुळे आता उपाशी येण्याचा उपाय राहिला नाही आणि खोटे बोलण्याचाही राहिला नाही. तिन्ही वेळा अर्जदाराने तपासणी केलेली आहे. थालीपीठ, शिरा, गूळपोळी. तिन्ही वेळा दोन रेघा.

१५. "नाश्त्याने निकाल बदलत नाही याचा पुरावा सादर करावा" असे तोंडी सांगण्यात आल्यावरून अर्जदाराने मार्गदर्शक सूचनांचे पान जोडले. ते इंग्रजीत असल्यामुळे परत आले. मग अर्जदाराने स्वतःचे बोट एकदा उपाशीपोटी आणि एकदा मिसळपाव खाऊन टोचले. निकाल सारखाच आला. एका माणसावरच्या प्रयोगाने काही सिद्ध होत नाही याची अर्जदाराला जाणीव आहे, आणि तसे तिने टिपणीत लिहिलेही होते. त्यावर पट्ट्यांचा गैरवापर केल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला. खुलासा असा : उत्सुकता होती, आणि दुसरे कोणी बोट देईना.

१६. अबोलीला आता सातवा लागला आहे. परवा, रविवारी तिची ओटीभरणी आहे. वनमालाताईंनी हिरवी साडी घेतली आहे, फुलांची वाडी भरायला बायका ठरल्या आहेत. त्याच रात्री तिचे आईवडील तिला बाळंतपणासाठी गुहागरजवळ माहेरी नेणार आहेत. उद्या चौथा शनिवार, आपले कार्यालय बंद. म्हणून आजच.

तिला रोग कधीपासून आहे हे सांगता येत नसल्याने आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा द्याव्या लागतील. पहिली येथे मिळाली तर उरलेल्या दोन तिकडच्या सरकारी रुग्णालयात द्याव्यात, असे पत्र डॉ. उत्तरा यांनी बंद पाकिटात लिहून ठेवले आहे. सगळेच तिकडे सुरू करता येईल असे अर्जदाराने सुचवले होते. अबोली म्हणाली, "इथून सुरू झालं तर मी म्हणेन, मुंबईच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं सांगितलीत. तिकडे जाऊन पहिल्यापासून सांगायला लागलं तर माझ्याने नाही होणार. सगळा गाव ओळखीचा आहे. मी नाहीच जाणार मग." अर्जदाराला ती तसे करील असे वाटते. इंजेक्शन आज भांडारातल्या कपाटात आहे. अर्जदार रोज त्या कपाटासमोरून जाते.

१७. काल अर्जदार अबोलीच्या घरी जाऊन वनमालाताईंना इतकेच म्हणाली की बाळासाठी एक इंजेक्शन द्यायचे आहे आणि त्यासाठी मालाडच्या साहेबांची सही हवी. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली.

"सहीच ना?"

"हो."

"मग आम्ही येतो. नातवासाठी सही देत नाही असा कोण साहेब आहे, बघू तरी."

अर्जदाराने त्यांना न येण्याबद्दल पुष्कळ सांगून पाहिले. त्या आल्या आहेत. लिंक रोडने रिक्षाने यायला बराच वेळ लागला आणि अबोलीची कंबर दुखते आहे. कोणते इंजेक्शन, कशासाठी, हे वनमालाताईंना माहीत नाही. ते त्यांना सांगायचे की नाही, कधी सांगायचे, हे अबोली ठरवील. आपल्या दालनाचा दरवाजा बंद होत नाही असे शिपायांनी सांगितले. अर्ज मोठ्याने वाचू नये ही विनंती त्यासाठीच.

१८. तरी आपण कृपा करून (अ) सदर महिलेची नोंद उघडण्याची आणि तिच्या अहवालावर औषध देण्याची मंजुरी आज, कार्यालय बंद होण्याआधी द्यावी; (आ) नाहूर येथील भांडारास फोन करावा, कारण कागद पोचायला वेळ लागतो. श्री. नंदकुमार आज घरी न जाता खिडकीवर थांबणार आहेत. डॉ. उत्तरा यांचा आज नाहूरचा दिवस नाही, तरी त्याही थांबणार आहेत.

बोर्डाविषयीचा अर्ज अर्जदार मागे घेत नाही. पण आज तो पुढेही करत नाही. आपल्याला दमवू नये असे वाटते, आणि अर्जदारही दमली आहे. बोर्ड सोमवारी तिथेच असेल. अबोली नसेल.

आपण नाश्ता केला आहे किंवा नाही, याचा मंजुरीच्या ग्राह्यतेवर परिणाम होणार नाही, अशी आशा आहे.

अजूनही नम्र,

(सही)
सपना शिवदास वाहुळे
प्रयोगशाळा तंत्रज्ञ (कंत्राटी), नाहूर
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
स्थळ : आपल्या दालनाबाहेर

सोबत :
१. सदर महिलेचे तीन अहवाल, तिन्ही अग्राह्य.
२. मार्गदर्शक सूचनांचे पान, अर्जदाराने केलेल्या मराठी भाषांतरासह.
३. मंजुरीचा एका ओळीचा मसुदा. सहीसाठी जागा सोडली आहे.
४. पेन.
५. सदर महिला आणि तिच्या सासूबाई, दरवाजासमोरच्या बाकावर. दोघी पोटभर नाश्ता करून आल्या आहेत. डब्यात थोडे आपल्यासाठीही आणले आहे.